अकरा बगूया

सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरच्या, कातळवाडीत कोणाला तोंडावर 'नाय' म्हणणं म्हणजे शिवी दिल्यासारखंच समजतात. त्यासाठी तिथे वेगळा शब्द आहे, 'बगूया'. उसनी शिडी मागायला गेलात आणि समोरचा 'बगूया' म्हणाला, की शिडी दुसऱ्या घरी मागावी. लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे लोक चहा पिऊन 'बगूया' म्हणत उठले, की मुलीची आई कपबशा विसळता विसळताच पुढच्या स्थळाचा विचार करू लागते. बाहेरून आलेला माणूस मात्र हा शब्द ऐकून खूश होतो, आठ दिवसांनी परत येतो आणि घराला कडी पाहून बुचकळ्यात पडतो.

किशोरी मेस्त्रीला हा शब्द इतरांपेक्षा जरा जास्तच जवळून माहीत होता. लग्नाआधी चार स्थळं तिला 'बगूया' म्हणून गेली होती. पाचव्या खेपेला सत्यवान आला, मामाला घेऊन. मामाने कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि 'बग...' एवढं तोंडातून काढलं, तोच सत्यवान म्हणाला, "माका पसंत आसा. तिका मी पसंत आसंय काय, ता विचारा." आत स्वयंपाकघरात किशोरीच्या हातून साखरेची वाटी पडली. त्या एका वाक्यावर तिने चोवीस वर्षं संसार केला, आणि तो वाईट झाला नाही.

सत्यवानाचं आयुष्य चिरेखाणीत गेलं. जांभा दगड कापणाऱ्या यंत्रामागे उभं राहायचं, लाल धूळ खायची आणि संध्याकाळी लाल थुंकायचं. तोंडाला फडकं बांध म्हणून किशोरीने शंभरदा सांगितलं असेल. तो बांधायचा आणि विडी ओढायला सोडायचा. आता बावन्नाव्या वर्षी तो ओसरीवरच्या खुर्चीत बसलेला असायचा. नाकात नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून प्राणवायू वेगळा काढणारं मशीन. ते दिवसरात्र घरघरायचं. त्या घरघरीची किशोरीला इतकी सवय झाली होती, की ती थांबली तरच तिला काहीतरी ऐकू आल्यासारखं व्हायचं.

आणि ती थांबायची. कातळवाडीची वीज एका तारेवर येते, ती तार काजूच्या बागांतून येते, आणि काजूच्या फांद्यांना तारेचं काही पडलेलं नसतं. लाइट गेली की इन्व्हर्टर दोन तास मशीन ओढायचा. मग लोखंडी सिलिंडर. तो संपला की कुडाळहून भरून आणायचा, जायला यायला तीन तास. मागच्या वैशाखातल्या वादळात खांब पडले आणि चार दिवस वाडी अंधारात होती. तेव्हा सत्यवानाला खाटेवर घालून खालच्या रस्त्यापर्यंत न्यावं लागलं होतं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी किशोरीला बाजूला घेऊन सांगितलं, की पुन्हा असं झालं तर वेळ मिळेलच असं नाही.

म्हणून पुण्याच्या त्या संस्थेची माणसं सड्यावर फीत घेऊन मापं काढू लागली, तेव्हा वाडीत सगळ्यांत आधी पाणी घेऊन गेली ती किशोरी. योजना साधी होती. सड्यावर सोलरचे पत्रे, शाळेमागच्या खोलीत मोठ्या बॅटऱ्या. तार तुटो की खांब पडो, वाडीतली वीज जाणार नाही. नेहमीच्या बिलावर प्रत्येक घराने महिन्याला दीडशे रुपये जास्त द्यायचे, म्हणजे देखभाल होईल. अट एकच होती. छप्पन घरांपैकी चाळीस घरं मनापासून तयार हवीत, नाहीतर संस्था दुसरं गाव बघणार.

घरोघरी विचारायचं काम संस्थेच्या इशिताने किशोरीवर सोपवलं. इशिता हुशार मुलगी, वागायला गोड, पण वाडीला नवी. तिला वाटलं, किशोरी अंगणवाडीची मदतनीस, सगळ्यांच्या ओळखीची, तिच्याशी लोक खरं बोलतील. इथेच घोळ झाला. जिने वाडीतल्या प्रत्येक पोराला खिचडी भरवली, जिच्या नवऱ्याच्या नाकात नळी आहे, तिला तोंडावर कोण नको म्हणणार? इशिताने मात्र निक्षून सांगितलं होतं, "काकू, प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा. घरच्या आजारपणाचा विषय काढायचा नाही. आणि तीनच रकाने आहेत, तयार, तयार नाही, सांगता येत नाही."

छापलेला प्रश्न असा होता: 'अक्षय ऊर्जेसाठी आपले कुटुंब दरमहा दीडशे रुपये अधिक देण्यास इच्छुक आहे काय?' लवू गावडे अंगणात जाळं विणत बसला होता. त्याने तो दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, की इच्छुक म्हणजे काय, आपल्याला पंचायतीला उभं करतात की काय. वाडीत इच्छुक हा शब्द निवडणुकीतच ऐकलेला. किशोरी हसली, अर्थ सांगितला. लवूने जाळ्यातली गाठ आवळली आणि म्हणाला, "बगूया." किशोरीने समासात पेन्सिलीने 'बगूया' लिहिलं आणि पुढच्या घरी गेली.

पंधरा दिवस ती फिरली. स्वतःचं घर धरून एकतीस घरांनी सरळ होकार दिला. मिक्सर चालू असताना लाइट जाऊन वाटण अर्धं राहिल्याचा राग, पोरांचा अभ्यास, पंपाचं पाणी, ज्याची त्याची कारणं होती. पाच घरांना मुंबईची कुलपं होती. आठ घरांनी आडून आडून का होईना, नको सांगितलं. अकरा घरी 'बगूया'. शेवंतीच्या घरी तर तिने चहा दिला, पोहे दिले, जाताना परसातला भोपळा दिला आणि मग नजर चुकवून 'बगूया गो' म्हणाली. तिचा घो, म्हणजे नवरा, गोव्यात बोटीवर होता, पैसे एखाद्या महिन्यात यायचे, एखाद्या महिन्यात नाही. एवढा पाहुणचार झाल्यावर किशोरीला उत्तर कळायला शब्दाचीही गरज नव्हती.

'नाय' असं स्वच्छ म्हणणारा वाडीत एकच, दत्ताराम. सत्तरीचा, वाडीचा मानकरी. देवळात रवळनाथापुढे उभं राहून सगळ्या वाडीच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं ते त्याने. तो देवाकडे एकेक मागणं मागायचा आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायची. देवापुढे बोलणाऱ्याने दोन जिभा ठेवू नयेत असं त्याचं मत होतं. तो किशोरीला हाताला धरून देवळामागे घेऊन गेला. तिथे सोलरचा एक दिवा होता. वर्गणी काढून बसवलेला, एक पावसाळा जळला, आता त्या खांबाला त्याचा बैल बांधलेला होता. दत्ताराम म्हणाला की बैलासाठी खांब फार महाग पडला, पुन्हा तसली चूक तो करणार नाही. किशोरी रागाने परत आली. म्हाताऱ्याच्या घरात कोणाच्या नाकात नळी नाही, म्हणून त्याला थट्टा सुचते, असं तिला वाटलं.

परतीचा पाऊस सुरू झाला तो दसऱ्याच्या आधी. एका दुपारी भात कापून आडवं पडलेलं असताना ढग काळे होऊन आले. दोन वाजता मशीनची घरघर थांबली आणि ते बारीक आवाजात कोकलू लागलं. किशोरीने इन्व्हर्टर लावला. चार वाजता तोही गेला. तिने सिलिंडरची चावी फिरवली आणि काटा बघितला, तर तो तांबड्या पट्टीच्या काठावर. आदल्या आठवड्यात भरून आणायचा राहून गेला होता, फॉर्म भरण्याच्या नादात. अर्ध्या तासात तो संपला. शेजारच्या सुशांतची रिक्षा रिकामा सिलिंडर घेऊन कुडाळकडे पळाली खरी, पण वाटेत झाड पडलं होतं.

सत्यवान खुर्चीत पुढे वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून श्वास ओढत होता. त्याच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावर प्राणवायूचे आकडे दिसत होते. अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी. तो बोलत नव्हता, बोलणं परवडण्यासारखं नव्हतं. किशोरीला काही करायचं उरलं नव्हतं. पाठीवरून हात फिरवायचा, आकडा बघायचा, रस्त्याकडे बघायचं. चौऱ्याऐंशी झाले. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिने फॉर्मांची पिशवी ओढली. अकरा फॉर्म वेगळे ठेवलेले होते. तिने सृष्टीचं, तिच्या मुलीचं, जुनं खोडरबर घेतलं आणि समासातला एक 'बगूया' खोडला. 'तयार' च्या चौकटीत पेनाने खूण केली. मग दुसरा. आकडा ब्याऐंशी होता. अकराव्या फॉर्मवर खूण करताना पेनाने कागद फाटला.

सहाच्या सुमाराला वीज आली. मशीन घरघरलं, आकडा हळूहळू वर चढला. सत्यवानाने डोळे उघडून तिच्याकडे बघून मान हलवली. किशोरी पडवीत जाऊन पोटभर रडली. रडून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि सुशांतच्या अंगणात जाऊन इशिताला फोन लावून सांगितलं, बेचाळीस घरं तयार आहेत. फॉर्म दोन दिवसांनी कुडाळला आणून देते.

रेंज त्या एका अंगणातच येते आणि तिथे चारजण असतातच, त्यामुळे ही बातमी सकाळपर्यंत वाडीभर झाली. अकराजणांपैकी प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांनी होकार दिला असेल, आपण सुटलो. आणि सकाळी दत्ताराम काठी टेकत किशोरीच्या अंगणात आला. ती मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होती. पण म्हातारा ओसरीवर टेकला, सत्यवानाची चौकशी केली आणि म्हणाला, "माजो नाय एकट्याचो, किशोरी. बेचाळीस घरांनी शब्द दिलो, म्हणजे वाडीन दिलो. वाडीच्या भायर मी कसो जातलंय? उद्या नव्याच्या गाऱ्हाण्यात ह्यो शब्द मी देवाक सांगतंय."

नव्याच्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्या देवाला वाहतात आणि वर्षाचं गाऱ्हाणं होतं. त्यात जो शब्द घातला तो वाडीत कोणी मोडत नाही. एकाने कधीकाळी देवळाला कौलं देतो म्हणून गाऱ्हाण्यात कबूल केलं आणि दिली नाहीत, तर त्याच्या कलमांना तीन वर्षं मोहर आला नाही, हे आजही लहान पोरंसुद्धा सांगतात. कागदावरचा शब्द वेगळा, त्याला रबर असतं. किशोरीला एवढंच म्हणता आलं, की देवाला कशाला मध्ये घ्यायचं, आबानू. म्हाताऱ्याने तिच्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. देवाला मध्ये घेतलं नाही म्हणूनच त्या खांबावरचा दिवा विझला, असं म्हणून तो उठला.

दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. चुलीवर भात लागला. अंगणवाडीत तिने एकाच पोराला दोनदा खिचडी वाढली. तिच्या डोळ्यांपुढे शेवंती येत होती. जो शब्द तिने दिलाच नाही, तो तिच्या नावाने देवापाशी जाणार. मग दर महिन्याला ती दीडशे रुपये कशातून काढणार? पोराच्या दुधातून? आणि नाही काढले, तर एकेक घर गळत जाणार, बॅटऱ्या बंद पडणार आणि शाळेमागच्या खोलीत कोणीतरी बकऱ्या बांधणार. पण लगेच चौऱ्याऐंशीचा आकडा डोळ्यांपुढे यायचा. मग तिला वाटायचं, जाऊ दे. देव समजून घेईल, त्याला काय कमी आहे.

संध्याकाळी दिवा लावताना सत्यवानाने विचारलं, शेवंतीनेही होकार दिला का. किशोरी त्याच्याकडे न बघता व्हय म्हणाली. मशीन घरघरत होतं.

"शेवंती कदी कोणाक व्हय म्हणाक नाय," तो म्हणाला. मग श्वास गोळा करून सावकाश म्हणाला, "देवाक फसवू नको गो. माका लवकर तेच्याचकडे जावचा आसा. तोंड दाखवूक जागा ठेव."

किशोरी चिडली. आपण हे कोणासाठी केलं, असं तिने विचारलं. त्याचं उत्तर तिला माहीतच होतं. माणूस चिडतो तेव्हा बहुतेक वेळा समोरच्याचं पटलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी देऊळ माणसांनी भरलं. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, मधे लोंब्यांची पाटी. ढोल थांबला. दत्ताराम धोतर सावरून, हातात नारळ घेऊन देवापुढे उभा राहिला. पाऊस वेळेवर पडू दे, व्हय म्हाराजा. गुरांना रोग नको, व्हय म्हाराजा. मुंबईला गेलेल्या लेकरांना सुखी ठेव, व्हय म्हाराजा. माणसं सवयीने म्हणत होती. लवू दंडावरचा डास मारता मारता म्हणत होता. किशोरी खांबाला टेकून उभी होती.

मग दत्तारामने आवाज जरा वर नेला. "बा देवा म्हाराजा, ह्या वाडीतल्या बेचाळीस घरांनी सूर्याच्या विजेक म्हयन्याक दीडशे रुपये देवचो शब्द दिलो हा. तो शब्द आज तुज्या पायाकडे ठेवतंय. तो पुरो करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," देऊळ म्हणालं. लवू म्हणाला. शेवंती म्हणाली, कडेवरच्या पोराचं नाक पुसत. अकराच्या अकराजण म्हणाले, ऐकलं न ऐकलं तोच. काम झालं होतं. आता वाडीतला कोणी माघार घेणार नव्हता. किशोरीने फक्त गप्प उभं राहायचं होतं, एवढंच. दत्तारामने नारळ डोक्यावर उचलला.

"नाय म्हाराजा."

तिचा आवाज मोठा नव्हता. पण ते शब्द त्या देवळात आजवर कोणी उच्चारले नव्हते, म्हणून सगळ्यांना ऐकू आले. दत्तारामचा हात वरच राहिला. बायकांनी वळून बघितलं. कोणीतरी कुजबुजलं, की हिच्या अंगात आलं की काय.

"बेचाळीस नाय," किशोरी म्हणाली. "एकतीस. अकराजणांनी बगूया म्हटला, तेचा व्हय मी लिवलंय. माज्या घोवाचो श्वास अडाकलो होतो तेव्हा. चूक माजी आसा, तेंची नाय."

तिला वाटलं, आता आपल्याला देवळाबाहेर काढतील, आणि काढलं तरी चालेल, असंही वाटलं. दत्तारामने नारळ खाली घेतला. रागाने त्याचा खालचा ओठ हलत होता. कोण ते अकरा, त्याने विचारलं. किशोरीने नावं सांगायचं नाकारलं. ज्याचं त्याला ठाऊक, म्हणाली. म्हातारा बराच वेळ देवाकडे बघत राहिला, जणू त्याच्याशी काही ठरवत होता. मग माणसांकडे वळला.

"मगे ज्येनी बगूया म्हटला, तेनी आता देवाक काय ता सांगा. देवाक बगूया चालना नाय."

असा पेच कातळवाडीवर आजवर आला नव्हता. माणसं जमिनीकडे बघत होती. पहिला लवू पुढे आला, डोकं खाजवत. त्याने तिकडे सत्यवानाच्या घराच्या दिशेने एकदा बघितलं आणि 'माजो व्हय' म्हणाला. मग आणखी एक. मग एकजण पुढे येऊन 'नाय' म्हणाला आणि मोठा दगड उतरवल्यासारखा श्वास सोडून मागे गेला. किशोरीच्या ओठांवर आकडे होते. बत्तीस, तेहतीस. होकार सहा झाले, नकार चार. शेवटी शेवंती उरली. ती खाली मान घालून उभी होती, तिचं पोर तिचं मंगळसूत्र ओढत होतं.

"माका जमाचा नाय गो किशोरी," ती म्हणाली. आयुष्यात तिने कोणाला नाही म्हटलं ते हे पहिलंच, आणि ते म्हणताना ती रडली. किशोरीला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तिने जाऊन शेवंतीच्या कडेवरचं पोर आपल्याकडे घेतलं.

"अडतिसावो माजो," दत्ताराम म्हणाला आणि त्याने नारळ फोडला.

दुपारी किशोरी सुशांतच्या अंगणात उभी राहिली आणि इशिताला सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही, खोडरबरसुद्धा नाही. पलीकडे इतका वेळ शांतता होती की तिने फोन कानावरून काढून रेंज तपासली.

"अडतीस," इशिता म्हणाली. "काकू, अट चाळीसची आहे. मी वरच्या लोकांशी बोलते." मग जरा थांबून म्हणाली, "बघूया."

किशोरी घरी आली. सत्यवान ओसरीवर वाट बघत बसला होता. देवळातली हकीकत त्याला आधीच कळली होती. त्याने शेजारचा पाट पायाने तिच्याकडे सरकवला. काय म्हणाली, म्हणून विचारलं.

"बगूया म्हणाली."

तो हसायला लागला, ती पण हसली, मग त्याला खोकला आला आणि तो खोकला थांबेपर्यंत तिने त्याची पाठ चोळली. खोकला थांबल्यावर त्याने डोळे पुसले.

"खंयचो बगूया?" त्याने विचारलं. "आमचो काय तेंचो?"

ते किशोरीने विचारलं नव्हतं. पुण्यात त्या शब्दाचा अर्थ काय होतो, तिला खरंच माहीत नव्हतं. समुद्राकडून ढग पुन्हा सड्यावर चढत होते. ती उठली आणि सिलिंडरचा काटा बघायला आत गेली.